सत्तावीस तासांचा दिवस

काही वर्षांपूर्वी एका विद्यापीठात 'सामाजिक उद्योजकता आणि शाश्वत विकास' या विषयाच्या विद्यार्थ्यांचे प्रकल्प तपासण्यासाठी आम्हाला बोलावणे आले. प्रकल्प चौदा होते आणि वेळ एका दुपारचा. त्यात पाच जणांच्या एका गटाने मजबूत सांगाड्याची एक सायकल मांडली होती. पायडल मारले की साखळीने पंप फिरायचा आणि पाणी वर यायचे. वीज नको, डिझेल नको, धूर नाही. पन्नास फूट खोल विहिरीवरून एकरभर भाजीपाल्याला पाणी, आणि शेतकऱ्याला व्यायाम. मुले तयारीने बोलली. सायकलची किंमत, कर्जाचे हप्ते, तीन वर्षांत किती गावे, सारे त्यांनी तक्त्यांवर मांडले होते. आम्ही परीक्षकांनी विक्रीबद्दल दोन-चार प्रश्न विचारले आणि गटाला दुसरे बक्षीस दिले.

दीड वर्षाने त्या गटातली एक मुलगी आमच्या प्रयोगशाळेत आली. बक्षिसाच्या रकमेत घरच्यांचे थोडे पैसे घालून त्यांनी एका गावात तीन सायकली बसवल्या होत्या. दोन गोठ्यात उभ्या होत्या. तिसरी चालू होती. ती चालवत होती त्या शेतकऱ्याची सातवीतली मुलगी, शाळेच्या आधी आणि शाळेनंतर, मेथीच्या चार वाफ्यांसाठी. "सर, हे असं होणार हे आकड्यांवरून आधी कळलं असतं का?" तिने विचारले.

टेबलावर एक पाठकोरा कागद होता. त्यावर आम्ही दोघांनी गणित मांडले. एक एकर म्हणजे सुमारे ४,००० चौरस मीटर. भाजीपाल्याला दिवसाला ५ मिलिमीटर पाणी धरले तर होते २०,००० लिटर. तेवढे पाणी १५ मीटर उचलायचे. वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची: २०,००० × ९.८ × १५, म्हणजे सुमारे २९ लाख ज्यूल. धडधाकट माणूस दिवसभर टिकेल अशा बेताने सुमारे ७५ वॅट शक्तीने काम करू शकतो. भागाकार केला तर जवळजवळ अकरा तास येतात. हे झाले पंपात आणि साखळीत काहीही वाया न जाता. निम्मी ऊर्जा वाया जाते असे धरले तर बावीस तास. आणि हेच २९ लाख ज्यूल विजेच्या मीटरवर मोजले तर पाऊण युनिटाच्या जरा वर, निम्मी वाया गेली तरी दीड युनिटाच्या आसपास भरतात. माणसाच्या बावीस तासांच्या घामाच्या जागी दीड युनिट वीज!

कागदाकडे बघत ती मुलगी म्हणाली, "सर, मग स्पर्धेच्या दिवशी का नाही विचारलंत?"

आमच्यापाशी उत्तर नव्हते. जे शास्त्र आम्ही वीस वर्षे करतो आहोत त्यातला, तोही आठवी-नववीतला प्रश्न आम्ही विचारला नव्हता. का विचारला नाही याचा विचार करता करता लक्षात आले की चूक आमच्या एकट्याची नाही. हा विषय ज्या रीतीने शिकवला जातो त्या रीतीतच ती आहे. या लेखात त्या रीतीची तपासणी करायची आहे.

हा विषय आपल्याकडे आला कसा ते थोडक्यात पाहू. १९८७ साली ब्रुंटलँड आयोगाच्या अहवालाने 'शाश्वत विकास' हा शब्द जगभर नेला. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली एम. सी. मेहता खटल्यात पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करण्याचे निर्देश दिले, आणि पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व शाखांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम तयार केला. सामाजिक उद्योजकता मागाहून आली. टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईत २००७ साली या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचा दोन टक्के भाग सामाजिक कामावर खर्च करणे बंधनकारक केल्यावर या क्षेत्रात पैसाही आला. आता व्यवस्थापन, अभियांत्रिकी, वाणिज्य अशा अनेक ठिकाणी हा विषय कुठल्या ना कुठल्या नावाने शिकवला जातो.

उद्देशाबद्दल आमचे भांडण नाही. शिकलेल्या तरुणाने केवळ स्वतःच्या पगारापुरते न पाहता गावाच्या पाण्याचा, चुलीचा, औषधाचा प्रश्न आपला मानावा, हे चांगलेच आहे. आक्षेप आहे तो शिकवण्याच्या साधनाबद्दल. हे साधन म्हणजे केस स्टडी, म्हणजे एखाद्या उद्योजकाची गोष्ट. गोष्टीत एक नायक असतो, त्याला एक दृश्य दिसते, त्याच्या मनात कल्पना चमकते, अडचणी येतात, पारितोषिक मिळते. विद्यार्थी गोष्ट वाचतात, चर्चा करतात आणि तशीच एक गोष्ट रचून वर्गात सादर करतात. आम्ही पाहिलेल्या अभ्यासक्रमांत समस्या ओळखणे, निधी उभारणे, प्रभाव मोजणे, सादरीकरण करणे अशी प्रकरणे होती. प्रस्तावात सांगितलेले काम निसर्गनियमांत बसते का, हे तपासण्याचे प्रकरण मात्र कुठे दिसले नाही.

या साधनाची कसोटी पाहायला एकच प्रसिद्ध केस स्टडी घेऊ. जगभरच्या वर्गांत ती सांगितली जाते: दक्षिण आफ्रिकेतला प्लेपंप.

शाळेच्या मैदानावर मुले बसून फिरतात ती गोल चक्री आपण सर्वांनी पाहिली आहे. तिच्या आसाखाली विंधनविहिरीचा पंप जोडायचा. मुले खेळतील, चक्री फिरेल, पाणी उंचावरच्या टाकीत चढेल, बायका नळ सोडून हंडे भरतील. विहिरी खोदणाऱ्या रॉनी स्टायव्हर यांची ही कल्पना. १९८९ साली एका कृषी प्रदर्शनात ती ट्रेव्हर फील्ड या जाहिरात व्यवसायातल्या गृहस्थांनी पाहिली आणि तिचे हक्क घेतले. त्यांनी त्यात आणखी एक भर घातली. टाकीच्या चार बाजूंवर फलक लावायचे, दोनांवर जाहिराती आणि दोनांवर आरोग्याचे संदेश, आणि जाहिरातींच्या उत्पन्नातून देखभाल करायची. पहिले पंप १९९४ साली बसले. २००० साली जागतिक बँकेच्या स्पर्धेत पारितोषिक मिळाले. २००६ साली क्लिंटन यांच्या न्यूयॉर्कमधल्या मेळाव्यात अमेरिकेच्या तत्कालीन राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी लॉरा बुश यांनी या कामासाठी १ कोटी ६४ लाख डॉलरची मदत जाहीर केली. उद्दिष्ट ठरले: २०१० पर्यंत आफ्रिकेतल्या दहा देशांत ४,००० पंप आणि एक कोटी लोकांना पाणी.

पुढे काय झाले तेही नोंदलेले आहे. मोझांबिक, मलावी, झांबिया या देशांत अनेक ठिकाणी चालू असलेले हातपंप काढून त्यांच्या जागी चक्री बसवली गेली. मुले शाळेत किंवा शेतात असत. जी होती ती थोड्या वेळात कंटाळत. मग बायका, कधी पाठीशी मूल बांधून, वाकून ती चक्री ढकलू लागल्या. आडगावच्या टाकीवर जाहिरात कोण देणार? फलक कोरेच राहिले. बिघडलेला पंप दुरुस्त व्हायला महिनोन् महिने लागत, कारण त्याचे काम गावच्या मिस्त्रीला येणारे नव्हते. एका पंपाचा खर्च सुमारे १४,००० डॉलर, साध्या हातपंपाच्या चौपट. युनिसेफचा २००७ चा आढावा, २००९ मधला 'गार्डियन' वृत्तपत्रातला लेख आणि २०१० मधला अमेरिकेच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीचा वृत्तपट यांनी हे सारे लोकांपुढे आणले. हा वृत्तपट करणाऱ्या बाईंनीच पाच वर्षांपूर्वी या पंपाची कौतुकाने ओळख करून दिली होती. त्या पुन्हा गेल्या आणि जे दिसले ते सांगितले. मोठी मोहीम उद्दिष्टाच्या निम्म्यालाही न पोहोचता गुंडाळली गेली आणि उरलेले पंप दुसऱ्या एका संस्थेकडे सोपवले गेले.

वर्गात या गोष्टीचे तात्पर्य असे सांगतात: 'लाभार्थ्यांचे म्हणणे ऐका. स्थानिक संस्कृती समजून घ्या. अपयशातून शिका.' तिन्ही वाक्ये खरी आहेत, आणि तिन्ही अपुरी आहेत. हे तात्पर्य ऐकून विद्यार्थ्याला वाटते की गावात जाऊन पाहिल्याखेरीज ही चूक कळण्यासारखी नव्हती. पण जाहीर झालेले आकडे घेऊन बसले तर ती घरबसल्या कळत होती.

एक कोटी लोक भागिले ४,००० पंप, म्हणजे एका पंपावर २,५०० माणसे. आपत्तीच्या काळात माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी लागते असे आंतरराष्ट्रीय मानक आहे. म्हणजे दिवसाला ३७,५०० लिटर. पंप बनवणाऱ्यांचाच दावा असा होता की ४० मीटर खोलीवरून, मिनिटाला सोळा फेरे या वेगाने, तासाला १,४०० लिटर पाणी येते. आता ३७,५०० ला १,४०० ने भागा. उत्तर येते जवळजवळ सत्तावीस. 'गार्डियन'च्या लेखाने हेच दाखवून दिले: उद्दिष्ट गाठायचे तर मुलांनी दिवसाचे सत्तावीस तास खेळायला हवे! हा भागाकार पाचवीतल्या मुलाला येतो. तो प्रसिद्ध झाला २००९ साली, पैसे जाहीर झाल्यानंतर तीन वर्षांनी.

आम्ही पदार्थविज्ञानवाले असल्याने आणखी एक पायरी पुढे जाऊ. चक्री मुलांना आवडते ती का? एकदा जोर लावून ढकलली की ती आपोआप फिरत राहते म्हणून. ढकलताना खर्च केलेले काम गतिज ऊर्जेच्या रूपात साठते आणि पुढचे कित्येक फेरे फुकट मिळतात. या फुकटच्या फेऱ्यांचे नाव खेळ. आता त्याच चक्रीला पंप जोडला तर काय होईल?

तासाला १,४०० लिटर आणि मिनिटाला १६ फेरे, म्हणजे तासाला ९६० फेरे. एका फेऱ्याला सुमारे दीड लिटर पाणी वर येते. ते ४० मीटर उचलायला ५७० ज्यूल काम लागते. समजा चक्रीवर ३० किलोची चार मुले मध्यापासून १.२ मीटरवर बसली आहेत. मिनिटाला १६ फेऱ्यांच्या वेगात ती सेकंदाला दोन मीटर जातात. त्यांची एकूण गतिज ऊर्जा अर्धे गुणिले १२० गुणिले दोनाचा वर्ग, म्हणजे २४० ज्यूल. एका फेऱ्याला हवेत ५७० आणि शिल्लक आहेत २४०. म्हणजे ढकलणे थांबवले की चक्री अर्धा फेराही पुरा करणार नाही. चक्रीच्या स्वतःच्या वजनामुळे थोडी जास्त फिरेल, घर्षणामुळे थोडी कमी. निष्कर्ष बदलत नाही. सतत ढकलल्याशिवाय जी फिरत नाही तिला आपल्याकडे चक्री म्हणत नाहीत, घाणा म्हणतात.

या हिशेबात आफ्रिकेच्या संस्कृतीचा कुठे संबंध आला? हाच पंप पुण्यात किंवा पॅरिसमध्ये बसवला असता तरी मुले दोन मिनिटांत उतरून गेली असती. खेळातली गंमत आणि पंपाने उचललेले पाणी एकाच ऊर्जेतून निघणार. ती ऊर्जा दोनदा खर्च करता येत नाही. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम आपण नववीत शिकवतो, परीक्षेत व्याख्या लिहून घेतो आणि दोन गुण देतो. जगातल्या मोठमोठ्या मंडळींच्या मंचावर तो नियम कोणाला आठवला नाही. आमच्या परीक्षक मंडळालाही आठवला नाही, म्हणून त्यांना हसण्याचा अधिकार आम्हाला नाही.

आता दुसरी गोष्ट. ती या अभ्यासक्रमांत आम्हाला आढळली नाही, आणि ती आपल्या घराजवळची आहे.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस महाराष्ट्रात दुष्काळी भागांत कठीण खडकात विंधनविहिरी खोदल्या जाऊ लागल्या. त्यांवर बसवलेले बिडाचे हातपंप मुळात एका कुटुंबाच्या वापरासाठी रचलेले होते. सगळे गाव दिवसभर हापसू लागल्यावर ते मोडू लागले. युनिसेफने १९७० च्या दशकात पाहणी केली तेव्हा बहुसंख्य पंप बंद पडलेले आढळले. पण जालना आणि सोलापूर इथल्या मिशनऱ्यांच्या कामातून तयार झालेले पंप टिकून होते. त्यांत दांडीला एकच खीळ होती. दांडीच्या टोकाला वर्तुळाचा चाप आणि त्यावरून जाणारी साखळी होती, त्यामुळे आतल्या दट्ट्याचा गज सरळ वरखाली होई, वाकडा ओढला जात नसे. हीच रचना पायाभूत धरून सरकारी संशोधन संस्था, युनिसेफ आणि रिचर्डसन अँड क्रूडास या सरकारी कारखान्याने मिळून 'इंडिया मार्क दोन' हा पंप सिद्ध केला. तोच आपला गावोगावचा हापसा. त्याचे आराखडे खुले ठेवले. कोणीही कारखानदार ते वापरू शकत होता, मात्र तपासणी कडक होती. पुढे १९८० च्या दशकात कोइमतूर परिसरात पाच वर्षे प्रत्यक्ष विहिरींवर चाचण्या झाल्या. कुठला भाग किती महिन्यांनी झिजतो, दुरुस्तीला किती माणसे आणि किती तास लागतात, याच्या नोंदी ठेवल्या. त्यांतून 'मार्क तीन' आला. त्यात दट्ट्या काढायला सगळी पाइपलाइन उपसावी लागत नाही. असे लक्षावधी पंप बसले, आफ्रिकेतही गेले.

या हापशाने अशक्य ते मागितले नाही. एका हातपंपामागे २५० माणसे असा आपला सरकारी निकष होता. प्लेपंपाच्या उद्दिष्टात एका पंपामागे २,५०० माणसे होती, म्हणजे दहापट, आणि ताकद तीच, माणसाच्या स्नायूंची. हापशालाही ऊर्जेचा नियम लागू आहे. पण तिथे ज्याला पाणी हवे तोच हवे तेवढे हापसतो, आणि हे काम आहे, खेळ नव्हे, हे सर्वांना ठाऊक असते.

ही गोष्ट केस स्टडी का होत नाही? आमच्या मते कारण सरळ आहे. तिला एक नायक नाही. तिच्यात मिशनरी, मिस्त्री, सरकारी अभियंते, कारखान्यातले तपासनीस आणि झिजलेले वायसर मोजणारी माणसे आहेत. चमकलेली कल्पना नाही, वीस वर्षांची दुरुस्ती आहे. छायाचित्रात हापसा चांगला दिसत नाही, हसत फिरणारी मुले चांगली दिसतात. गोष्टीच्या सोयीने उदाहरणे निवडली की विद्यार्थ्याला आपोआप असा धडा मिळतो की नवे सुचणे हेच मोठे आणि चालू ठेवणे हे दुय्यम. ज्या विषयाच्या नावातच शाश्वत हा शब्द आहे त्यात असा धडा मिळावा!

एक न्याय्य गोष्ट इथे नोंदवली पाहिजे. केस स्टडी म्हटली की ती वाईटच असे नाही. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयावर हार्वर्डच्या व्यवस्थापन शाळेने १९९३ साली लिहिलेली केस आजही वाचली जाते. तिच्यात डॉ. वेंकटस्वामी यांच्यासारखा मोठा नायक आहे, आणि दिवसाला किती शस्त्रक्रिया, एका टेबलावर किती वेळ, खर्च किती, हे आकडेही आहेत. असे आकडे असले की वाचणारा स्वतः पडताळा घेऊ शकतो. गोष्ट असावी, पडताळा घेता येईल अशी असावी.

गणिताने सगळे सुटते असेही कोणी समजू नये. गणित जिथे होकार देते तिथेही काळ नकार देऊ शकतो. सुधारित चुलीचे उदाहरण घ्या. धूर कमी करणारी चूल प्रयोगशाळेत खरोखर धूर कमी करते. रेमा हॅना, एस्थर डफ्लो आणि मायकल ग्रीनस्टोन या अर्थशास्त्रज्ञांनी ओडिशात ग्रामविकास या संस्थेच्या चुलींचा अभ्यास केला. चव्वेचाळीस गावांतली सुमारे २,६०० कुटुंबे, आणि चार वर्षांपर्यंतचा पाठपुरावा. कोणाला चूल आधी आणि कोणाला नंतर, हे चिठ्ठ्या टाकून ठरवले होते, म्हणजे तुलना प्रामाणिक व्हावी. पहिल्या वर्षी स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या फुप्फुसात जाणारा धूर कमी झाला. दुसऱ्या वर्षापासून हा फरक नाहीसा झाला. फुप्फुसांची क्षमता सुधारली नाही आणि सरपणही वाचले नाही. चुली तडकत होत्या, धुराडी भरत होती, आणि बायका हळूहळू जुन्या चुलीकडे वळत होत्या. हा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला.

आता कल्पना करा, हीच चूल एखाद्या विद्यार्थी गटाचा प्रकल्प आहे. सत्र सोळा आठवड्यांचे. पहिल्या महिन्यात चूल बसली, दुसऱ्यात धूर मोजला, तिसऱ्यात तक्ता काढला, चौथ्यात बक्षीस. तक्त्यातला प्रत्येक आकडा खरा, आणि निष्कर्ष खोटा. शाश्वतता म्हणजे काळाच्या कसोटीला उतरणे. आणि ती आपण अशा सत्रात शिकवतो की जे पहिल्या बिघाडाच्या आधीच संपते. मुले खोटे बोलत नाहीत. त्यांना बघायला मिळते तेवढेच ती सांगतात.

यावर एक आक्षेप आम्हाला अपेक्षित आहे. 'सगळे गणित आधी मांडत बसले तर कोणी काही सुरूच करणार नाही. उद्योजकाला थोडे वेड लागते. तरुणांचा उत्साह मारू नका.' आक्षेपात तथ्य आहे. गणिताच्या नावाखाली हातावर हात ठेवून बसणारेही आम्ही पाहिले आहेत, आणि ते आमच्याच संस्थांत अधिक असतात. पण गणित म्हणजे नकार, ही समजूत चुकीची आहे. त्या मुलीबरोबर कागद पुढे भरत गेला तेव्हा असेही निघाले की एकराऐवजी परसातल्या अर्ध्या गुंठ्याला तीच सायकल रोज सोळा-सतरा मिनिटांत पाणी देईल. एक गुंठा म्हणजे एकराचा चाळिसावा भाग. बावीस तासांना ऐंशीने भागून पाहा. परसबागेचे यंत्र म्हणून ती सायकल वाईट नव्हती. एकराचे यंत्र म्हणून विकल्यामुळे ती फसवी ठरली. गणिताने कल्पना मेली नसती, तिला तिची जागा सापडली असती. उत्साहाला मारते ते आधीचे गणित नव्हे, गोठ्यात उभी राहिलेली सायकल. शिवाय चुकीची किंमत उद्योजक एकटा देत नाही. मोझांबिकच्या बायकांनी चालू हातपंप गमावला. आमच्या बक्षिसाची किंमत सातवीतली एक मुलगी दीड वर्ष फेडत होती.

मग शिकवावे कसे? मोठी योजना सुचवण्याचा आमचा अधिकार नाही. पण तीन गोष्टी सहज करता येण्यासारख्या आहेत.

पहिली: प्रत्येक प्रस्तावाच्या पहिल्या पानावर राशींचा हिशेब हवा. किती लिटर, किती किलो, किती ज्यूल, किती तास, आणि हे कष्ट नेमके कोणाच्या अंगावर पडणार. किमतीचे पान त्यानंतर.

दुसरी: नव्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचा पहिला प्रकल्प नवी कल्पना नसावा. तीन-चार वर्षांपूर्वीच्या विद्यार्थ्यांनी जिथे काही बसवले तिथे जाऊन ते चालू आहे का, कोण चालवते, कधी मोडले, कोणी दुरुस्त केले, हे पाहून लिहावे. त्याला गुण नव्या कल्पनेइतकेच हवेत. विद्यापीठाकडे एक गोष्ट अशी आहे की जी एकट्या विद्यार्थ्याकडे नसते: वर्षामागून वर्षे येणाऱ्या तुकड्या. सोळा आठवड्यांची मर्यादा त्यांच्या साखळीने ओलांडता येते. मुंबईच्या आय. आय. टी. मध्ये १९८५ पासून असलेल्या 'सितारा' या ग्रामीण तंत्रज्ञान केंद्राचे विद्यार्थी गावात राहून पाणीपुरवठा योजनांचा अभ्यास करतात. चालू योजना का बंद पडते हाही तिथे अभ्यासाचा विषय आहे. ही रीत इतरत्र न्यायला हरकत नसावी.

तिसरी: अशा परीक्षक मंडळात विज्ञानाचा एक शिक्षक असावा, आणि त्याने लाजू नये. 'हा फारच साधा प्रश्न आहे' असे वाटले की तोच प्रश्न विचारावा.

शाळेतल्या शिक्षकांनी विद्यापीठाची वाट पाहण्याचेही कारण नाही. तुमच्या गावात हापसा असेल. नववीच्या मुलांना तिथे घेऊन जा. पंधरा लिटरची बादली भरायला किती सेकंद आणि किती हापसे लागतात ते मोजायला सांगा. पाण्याची पातळी किती फुटांवर आहे ते ग्रामपंचायतीत किंवा बोअर मारणाऱ्याकडे विचारा. त्यावरून वॅट काढा. मग मुलांना विचारा: घरातल्या माणसांना पुरेल एवढे पाणी काढायला रोज किती वेळ जातो, आणि तो वेळ घरात कोणाचा जातो? शेवटच्या प्रश्नापाशी मुली आधी बोलतात असा आमचा अनुभव आहे. ऊर्जेचा नियम, लोकसंख्येचा भागाकार आणि समाजाचा प्रश्न एका बादलीत सापडतात. ज्या मुलाने ही बादली मोजली आहे तो पुढे विद्यापीठात जाऊन चक्रीचे चित्र पाहील तेव्हा टाळ्या वाजवण्याआधी खिशातून पेन काढील.

ती मुलगी आता एका पाणीपुरवठ्याच्या संस्थेत काम करते. गेल्या खेपेस भेटली तेव्हा तिने आपली वही दाखवली. प्रत्येक पानावर गावाचे नाव, पंपाची खोली, आणि शेवटच्या रकान्यात पुन्हा भेट देण्याची तारीख, तीन वर्षांनंतरची. त्या सायकलचे काय झाले असे आम्ही विचारले. सातवीतल्या मुलीच्या वडिलांनी विहिरीवर अर्ध्या अश्वशक्तीची मोटर बसवली. सायकलची चाके आणि साखळी काढून ती मुलगी आता दहावीच्या वर्गाला सायकलवर जाते.